साडेसहा वर्षांच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्यात, अशी मुलं किती वर्षं जगतात? कुणाला अनुभव असेल तर खरं सांगा

अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. रात्रीचे पावणेबारा वाजलेत, बायको आणि पोरगं झोपलेत, मी लूमवरनं येऊन मोबाईल घेऊन बसलोय, गेले चार दिवस हेच चाललंय.

माझा मुलगा साडेसहा वर्षांचा, वजन १५ किलो, उंची १०४ सेंटीमीटर. जन्मला तेव्हा त्याच्या लघवीच्या वाटेत पडदा होता, पाच दिवसांचा असताना दुर्बिणीनं तो जाळला. तेव्हाच सांगितलं होतं दर सहा महिन्याला दाखवत जा म्हणून. दीड वर्ष दाखवलं, पोरगं चांगलं खेळत होतं, लघवी धो धो व्हायची, आम्हाला वाटलं झालं बरं, मग लॉकडाऊन लागलं, कारखाना बंद, आणि ते दाखवायचं राहिलं ते राहूनच गेलं. हे माझ्या डोक्यातनं जात नाही.

वर्षभर झालं जेवत नाही, रात्री तीन-तीनदा उठून पाणी पितो, पाय बाकदार झालेत, वर्गात सगळ्यात बुटका. बाईंनीच सांगितलं की पोरगं पांढरं पडलंय, रक्त तपासा. क्रिएटिनिन (रक्तातली घाण, किडनी बिघडली की वाढते) ४.३, हिमोग्लोबिन ६.८, बीपी १३०/९०. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या बारीक आणि आत लघवी साठून फुगलेल्या. इथले डॉक्टर म्हणाले स्टेज ५ आहे, पुण्याला मुलांच्या किडनीच्या डॉक्टरला दाखवा, डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट लागणार.

घरात सगळे वेगवेगळं म्हणूलालेत. बायको म्हणते माझी घ्या. माझी आई म्हणते तू दिलीस तर धाकट्या पोरीला कोण बघणार. चुलते म्हणतात कशाला लेकराला भोकं पाडून घेता, देव ठेवील तेवढे दिवस ठेवील. नेटवर वाचलं की अशी मुलं मरायचं प्रमाण ३० पट असतं, ते वाचल्यापासनं जेवण जात नाही.

गावाकडं एक एकर हाय, विकायला तयार आहे. पण विकून पोरगं राहणार का, किती वर्षं राहणार, एवढंच कुणीतरी खरं सांगा. धीर द्यायला म्हणून खोटं नका सांगू.

जुळेसोलापूरची_आई

दादा, तुमचं वाचून माझी नऊ-दहा वर्षांपूर्वीची रात्र आठवली, मी पण अशीच बसलेली होते, तेव्हा मोबाईलवर मराठीत काहीच सापडत नव्हतं.

माझी मुलगी आता १७ वर्षांची आहे, अकरावीला. आठव्या वर्षी ट्रान्सप्लांट झालं, किडनी तिच्या बाबांची. तिला नेफ्रोटिक होतं, म्हणजे लघवीतनं प्रोटीन जायचं, स्टिरॉईडला दाद न देणारं, बायोप्सीत एफएसजीएस आलं, म्हणजे किडनीच्या गाळण्या कडक होणारा आजार. आधी १४ महिने हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनचं डायलिसिस, केलं मानेतल्या नळीवरनं, आठवड्याला तीन वेळा. पुण्यात भावाकडं राहिलो, मिस्टर शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे परत. त्या १४ महिन्यांत दोनदा नळीला इन्फेक्शन झालं, हुडहुडी भरून ताप, दुसऱ्या वेळी आयसीयूत पाच दिवस. आता मागं वळून बघितलं तर सगळ्यात धोक्याचा काळ तोच होता, ऑपरेशनचा नाही.

आम्हाला आधीच सांगितलं होतं की ह्या आजारात शंभरातल्या तीसेक मुलांना नव्या किडनीत पण तोच आजार परत येतो. आमच्या नशिबात तेच आलं, तिसऱ्या दिवशी लघवीत प्रोटीन. प्लाझ्मा बदलायचे नऊ सेशन झाले, मग थांबलं. तुमच्या मुलाचा आजार वेगळा आहे, पडद्याचा, तो असा परत येत नाही, म्हणजे तेवढी एक काळजी तुमच्या वाट्याला नाही.

आज तिचं क्रिएटिनिन १.२ आहे. उंची चार फूट सातच राहिली, त्याचं तिला वाईट वाटतं आणि मला पण. सकाळी आठला आणि रात्री आठला गोळ्या, दोन गजर लावलेत, लग्नात असो नाहीतर गड्डा यात्रेच्या गर्दीत असो, गजर वाजला की गोळी. एकदा शेजारच्या मुलाला कांजिण्या झाल्या तर त्याच रात्री पुण्याला फोन करून सकाळी पहिल्या गाडीनं गेलो. असं जगणं आहे, पण जगणं आहे, ती सायकल चालवते, भांडते, तिला सीए व्हायचंय.

आमच्याकडं पण म्हणाले होते, 'पोरीच्या जातीला एवढं कशाला'. तोंडावर म्हणाले. त्यांच्याकडं आम्ही अजून जात नाही.

बार्शीकर

दादा मी वाईट सांगत नाही, आमच्या चुलत सासऱ्यांना क्रिएटिनिन ६ होतं, एका वैद्याच्या काढ्यानं आणि भस्मानं चारवर आलं. लहान लेकराला सुया टोचण्याआधी एकदा पंधरा दिवस करून बघायला काय हरकत आहे. मी पत्ता मेसेज करतो.

विडी_घरकुल

बार्शीकर, राग मानू नका, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी मुलगी चार वर्षांची होती. डायलिसिस चालू होतं, खर्चानं आणि येण्याजाण्यानं आम्ही वैतागलो होतो. कुणीतरी असंच सांगितलं, पंधरा दिवस करून बघा. आम्ही डायलिसिस थांबवलं आणि गेलो. दहाव्या दिवशी सकाळी ती दूध पीत पीत लुळी पडली, रिक्षात घेऊन जाईपर्यंत गेली. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडलं असं सांगितलं. आम्हाला आधी माहीतच नव्हतं की त्यात दुखत नाही, काही दिसत नाही.

अक्कलकोटरोड भाऊ, एवढंच सांगतो, पंधरा दिवस कुणालाही देऊ नका.

पेरिटोनियल_सिस्टर

मी मूळची सोलापूरची, अशोक चौकातली, १३ वर्षं मुलांच्या डायलिसिस युनिटला सिस्टर आहे, आता पुण्यात. मी डॉक्टर नाही, त्यामुळं औषधाचं तुमच्या डॉक्टरांकडनंच, पण जे रोज बघते ते सांगते. लिहिणं जरा लांबेल.

विडी घरकुल दादा, तुमचं वाचलं. आमच्या युनिटमध्ये मशीन मोकळं राहिलं की आम्ही घरी फोन लावतो, ते ह्याच भीतीनं.

आधी ते ३० पट. तो आकडा खरा आहे, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये १९६३ ते २००२ पर्यंत ज्या ज्या मुलांचं डायलिसिस नाहीतर ट्रान्सप्लांट झालं त्या सगळ्यांची नोंद ठेवून काढलेला आहे, १,६३४ मुलं होती २० वर्षांच्या आतली. पण तो वाचायचा कसा ते बघा. निरोगी मुलं त्या वयात दगावतच नाहीत म्हणण्याइतकी कमी दगावतात, त्या लहानशा आकड्याची ही ३० पट. त्याच अभ्यासात पुढं काय आहे, की १० वर्षांनंतर शंभरातली ७९ मुलं जिवंत होती आणि २० वर्षांनंतर ६६. आणि ह्यात १९६० आणि ७० च्या काळातली मुलं पण धरलीत, जेव्हा मुलांचं डायलिसिस नुकतंच कुठं चालू झालं होतं आणि आताची औषधं नव्हती. नंतरच्या वर्षांतली मुलं जास्त जगली.

आता त्यातली माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट: डायलिसिसवर राहिलेल्या मुलांना धोका ट्रान्सप्लांट झालेल्यांपेक्षा चौपटीहून जास्त. आणि एक वर्षाच्या आत सुरू करावं लागलेल्या बाळांना मोठ्या मुलांपेक्षा चौपट. तुमचा मुलगा साडेसहाचा आहे, ते वय त्यानं ओलांडलंय. म्हणजे 'किती वर्षं' हा प्रश्न बऱ्यापैकी 'ट्रान्सप्लांटपर्यंत किती लवकर आणि किती धडधाकट पोचतो' ह्यावर येऊन थांबतो. आजच्या घडीला अमेरिका-युरोपात ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांतली शंभरात ९५ च्या वर पाच वर्षांनी जिवंत असतात, आणि आईवडिलांची किडनी असेल तर तीच किडनी पाच वर्षांनी चालू असायचं प्रमाण शंभरात ८५-९० च्या आसपास. आपल्याकडं मागं पडतो ते सर्जनच्या हातामुळं नाही, पैसे संपले म्हणून, लांब पडतं म्हणून, घरचे दमले म्हणून मध्येच सोडून देतात, मी डोळ्यानं बघितलंय. मुलं कशानं जातात तर एक हृदय आणि रक्तवाहिन्या, वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं आणि कॅल्शियम-फॉस्फरस बिघडलेलं म्हणून, आणि दुसरं इन्फेक्शन. म्हणून १३०/९० हे साडेसहा वर्षांच्या मुलाला खूप जास्त आहे, ते आठवडाभर पण तसं ठेवू नका.

तुमच्या आकड्यांवरनं किडनी किती चालते ते काढता येतं. उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. १०४ घेतलं तर साधारण १० येतं. १५ च्या खाली म्हणजे स्टेज ५. पण १० म्हणजे शून्य नाही, आणि तुमचं पोरगं लघवी करतंय. अशा मुलांचं कधी कधी डायलिसिसला न जाता थेट ट्रान्सप्लांट होतं, आई नाहीतर बाबा तयार असेल आणि तपासण्या पटपट झाल्या तर. हे पुण्यात पहिल्याच भेटीत विचारा, 'डायलिसिस टाळून थेट करता येईल का' असं सरळ. होईलच असं नाही, पण विचारल्याशिवाय राहू नका.

पडद्याच्या मुलांत अजून एक गोष्ट असते जी लोक विसरतात, ती म्हणजे पिशवी. जन्माआधीपासनं लघवी अडून अडून त्यांची लघवीची पिशवी कडक झालेली असते, तिच्यात प्रेशर वाढतं. तिच्याकडं न बघता नवी किडनी लावली तर ती पण त्याच प्रेशरनं खराब होते. म्हणून आधी युरोडायनॅमिक, म्हणजे पिशवीतलं प्रेशर मोजायची टेस्ट करतील, कदाचित दिवसातनं चार-पाच वेळा नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवतील. आईबाप ऐकूनच रडतात, पण आठवडाभरात मुलं स्वतः शिकतात, आमच्याकडची आठ वर्षांची पोरं शाळेत जाऊन करतात.

डायलिसिस लागलंच तर १५ किलोच्या मुलाला दोन वाटा. हिमो म्हणजे मशीन, आठवड्याला तीनदा चार-चार तास, त्याला लहान मुलांचा फिल्टर आणि नळ्या लागतात आणि हात बसलेली माणसं लागतात, म्हणून मोठ्यांच्या सेंटरला सहसा लहान मूल घेत नाहीत. दुसरं पोटाचं, पेरिटोनियल, पोटात मऊ नळी बसवतात, औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, घरीच. रात्री मशीन लावलं तर दिवसा शाळा. सोलापूरसारख्या लांबच्या घरांना मी हेच बरं म्हणते. फक्त हात धुणं म्हणजे हात धुणं. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं हे मला माहीत आहे, माझं माहेर आहे, बॅरलमधल्या साठवलेल्या पाण्यात हात बुचकळून चालत नाही, वरनं ओतून साबणानं धुवायचे, पंखा बंद, दार बंद. बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं की त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही.

अक्कलकोटरोड

सिस्टर, तुमचं तीनदा वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं. जुळे सोलापूरच्या अक्का, तुमच्या मुलीचं ऐकून बायकोला धीर आला, काल पहिल्यांदा नीट जेवली. विडी घरकुलवाल्या भाऊंना काय लिहावं कळत नाही, तुमचं वाचून मी वैद्याचा नंबर काढून टाकला.

दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. शेजारी सगळे म्हणतात किडनीवाल्याला पाणी कमी द्यायचं, आम्ही दोन दिवस झालं मोजून देतोय, पोरगं रडतंय, बाहेर ४२ डिग्री. दुसरं, इथं एका ठिकाणी म्हणाले हिमोग्लोबिन ६.८ आहे तर उद्याच रक्त चढवा. आणि पोराच्या आईनं किडनी दिली तर तिला काय होणार, तिची किडनी एवढ्याशा पोटात बसणार का?

पेरिटोनियल_सिस्टर

पाणी आत्ताच्या आत्ता मोकळं करा. लघवी बंद झालेल्या, सुजलेल्या पेशंटला पाणी कमी देतात, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तुमच्या मुलाच्या किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून तो लघवी जास्त करतो आणि म्हणूनच रात्री उठून पितो. त्याला कमी दिलं तर सोलापूरच्या उन्हात दोन दिवसांत क्रिएटिनिन अजून चढेल. मीठ पण अशा मुलांच्या लघवीतनं वाहून जातं, बीपीसाठी मीठ किती ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील, स्वतः बंद नका करू. आणि ते बीपीवाल्यांसाठी 'लो सोडियम' मीठ मिळतं ते चुकूनही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. डाळिंब, केळी, शहाळं, टोमॅटो हे पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत बाजूला. शेंगा चटणी आपल्याकडं पोरं भाकरीला लावून खातात, त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही, तीही थांबवा. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल, ते पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको.

रक्ताचं. जीवावर बेतलं असेल, धाप लागत असेल, तर चढवायलाच लागतं, तिथं थांबायचं नाही. पण पोरगं हिंडतंय फिरतंय तर आधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. दुसऱ्याच्या रक्तानं शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि मग पुढं जुळणारी किडनी मिळायला अवघड जातं. ह्या मुलांचं हिमोग्लोबिन एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननं आणि लोहानं वाढवतात. द्यायचंच झालं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. अजून एक, डाव्या हाताच्या शिरा जपा, रक्त काढायला नाहीतर सलाईनला हाताच्या मागची बाजू वापरा असं प्रत्येक ठिकाणी सांगा, पुढं फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात करतात तो शिरेचा जोड, लागला तर त्या शिरा लागतात.

आईचं. मोठ्या माणसाची किडनी १५ किलोच्या मुलाच्या पोटात बसते, सर्जन तशी जागा करून घेतात, बरीच केंद्रं १० किलोच्या वरच्या मुलांचं करतात. उलट तेवढ्या मोठ्या किडनीला रक्त पुरावं म्हणून ऑपरेशननंतर मुलाला भरपूर पाणी प्यावं लागतं. देणाऱ्याचं ऑपरेशन आता दुर्बिणीनं होतं, चार-पाच दिवसांत घरी, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. धोका शून्य नाही. अमेरिकेतला २००९ पर्यंतचा आकडा आहे, दहा हजार देणाऱ्यांमागं तीन मृत्यू. तुमच्या आईला हा आकडा सांगा, लपवू नका, आणि हेही सांगा की सुनेला शुगर, बीपी, कसलाही दोष निघाला तर डॉक्टरच तिची घेणार नाहीत.

आणि आज्जीचं वय, तब्येत बरी असेल तर आज्जी-आजोबा पण कायद्यानं जवळचे नातेवाईक आहेत, २०११ च्या दुरुस्तीपासनं. आईवडील, भावंडं, आज्जी-आजोबा. बाहेरचं कुणी 'विकत देतो' म्हणालं तर पोलीस केस आहे, तिकडं बघू पण नका. एक मात्र बोलते, मला राहवत नाही. आमच्या युनिटमध्ये देणाऱ्या बहुतेक आया असतात. बाप का नाही, हा प्रश्न घरात कुणी विचारतच नाही. तुमचा पण रक्तगट तपासून घ्या दादा.

सात_रस्ता_९९

मी दोन दिवस वाचतोय, लिहू की नको चाललं होतं.

मी २४ चा आहे. ११ व्या वर्षी ट्रान्सप्लांट झालं, आईची किडनी. पहिली सात वर्षं एक नंबर. दहावीला ८१ टक्के, क्रिकेट सगळं. मग इंजिनिअरिंगला बाहेर हॉस्टेलला गेलो. रूमवर कुणाला सांगितलंच नव्हतं, डबीतल्या गोळ्या बघून कुणी विचारेल म्हणून बाथरूममध्ये जाऊन घ्यायचो, मग कधी राहायची, एक दिवस राहिली तर काहीच होत नाही असं दिसलं, मग दोन दिवस. टॅक्रोलिमसचं, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीचं, असं आहे की चुकवली तर काही दुखत नाही, काही कळत नाही. क्रिएटिनिन १.१ चं १.९ झालं, मी घरी सांगितलं नाही, रिपोर्ट मित्राकडं ठेवला. मग ३, मग ७. विसाव्या वर्षी परत डायलिसिसवर. आई त्या दिवशी काहीच बोलली नाही, अजूनपण बोललेली नाही, तेच जास्त लागतं.

आता सोलापुरातच आठवड्याला तीनदा डायलिसिस, दुपारी एका चादरीच्या दुकानात हिशेब बघतो. पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या केंद्राच्या, यादीत तीन वर्षांपासनं नाव आहे, सोलापूर त्यांच्याकडंच येतं. रक्तात अँटीबॉडी जास्त झाल्यात, म्हणून जुळत नाही.

मला नंतर डॉक्टर म्हणाले की १७ ते २४ ह्या वयात सगळ्यात जास्त किडन्या जातात. मला ते आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे आईला सांगितलं असेल, मला नाही. अण्णा, तुमचा मुलगा आता साडेसहाचा आहे, तो सोळाचा होईल तेव्हा हे माझं त्याला वाचून दाखवा. डॉक्टरांशी त्याला स्वतःला बोलू द्या, दहा-बारा वर्षांचा झाला की गोळीचं नाव, रिपोर्टचा आकडा त्याच्याच तोंडून विचारा. आणि त्याला कधीही लपवायला शिकवू नका.

एका किडनीवर सगळं आयुष्य निघत नाही हेही खरं आहे, लहानपणी झालेल्यांना दुसरी लागतेच बहुतेक, कुणाला तिसरी. म्हणून पहिली जितकी वर्षं टिकेल तितकी टिकवायची. मला माझी सात वर्षं अजून आठवतात, आईनं दिलेली. ती नसती तर मी अकराव्या वर्षीच संपलो असतो, हे पण लिहितो.

जुळेसोलापूरची_आई

सात रस्ता, बाळा, तुझी कमेंट मी मुलीला वाचायला दिली. तिनं वाचून मोबाईल परत दिला आणि तासाभरानं येऊन म्हणाली, 'आई, मागच्या महिन्यात ट्रिपला माझी एक गोळी राहिली होती'. एवढंच. तुझे आभार कसे मानू. तुझ्या आईशी एकदा तूच बोल रे, ती वाट बघत असेल.

फाईलवाला_मामा

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भाच्याच्या वेळी मी सगळी धावपळ केलीय, फाईल अजून जपून ठेवलीय.

जमीन एवढ्यात विकू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, किडनी ट्रान्सप्लांट पण बसतं, आधी त्याला अडीच लाख होते, २०२३ च्या जीआरनं साडेचार लाख केले आणि कुटुंबाचं कव्हर पाच लाख. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, डॉक्टरच्या आधी त्याला भेटा, 'लहान मुलाचं ट्रान्सप्लांट इथं ह्या योजनेत होतं का' असं विचारा, कारण योजनेत असलेल्या सगळ्याच हॉस्पिटलात होत नाही. रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे का ते आजच बघा, आमचं तिथंच तीन आठवडे अडलं, आधारला स्पेलिंग वेगळं. अंगणवाडी-शाळेतनं राष्ट्रीय बाल स्वास्थ्यची तपासणी होते, त्यांच्याकडनं सिव्हिलचं रेफर पत्र घ्या, पुढं उपयोगी पडतं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायलाच लागतात, तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज वेगळा. एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे, डेपोत विचारा. मुंबईला जायची वेळ आली तर परळचं वाडिया हे मुलांचंच हॉस्पिटल आहे, तिथं मुलांच्या किडनीचा विभाग आहे.

ऑपरेशनचे पैसे उभे राहतात हो. खरा खर्च नंतरचा, महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणि रक्ततपासणी, काही हजार, कायमचा. भाच्याच्या वेळी आम्ही ऑपरेशनला सगळं लावून बसलो आणि चौथ्या महिन्यात गोळ्यांना उसने काढले. म्हणून ती एक एकर राहू द्या, विकायचीच तर गोळ्यांसाठी विका.

अक्कलकोटरोड

नऊ दिवसांनी लिहितोय. सोमवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाऊन आलो. पाणी मोकळं केल्यावर पोरगं दोन दिवसांत खेळायला लागलं होतं, क्रिएटिनिन ४.३ चं ३.९ आलं. डॉक्टरीण बाईंनी पाऊण तास दिला. बीपीची गोळी चालू केली, सोडा बायकार्ब, व्हिटॅमिन डी, आठवड्याला एक इंजेक्शन हिमोग्लोबिनसाठी. रक्त चढवलं नाही. पायाचं वाकणं ह्याच आजाराचं आहे म्हणाल्या, औषधानं कमी होईल. कावीळ बी आणि बाकीच्या राहिलेल्या लसी आधी पूर्ण करायच्यात, काही लसी ट्रान्सप्लांटनंतर देता येत नाहीत म्हणून.

मी तो प्रश्न विचारला, थेट करता येईल का. म्हणाल्या पिशवीच्या तपासण्या बघून सांगते, प्रयत्न तोच करू, पण पोटाच्या डायलिसिसची मनाची तयारी ठेवा. 'किती वर्षं' ते पण विचारलं. त्यांनी कागद घेतला आणि विचारलं, हा मोठा होऊन काय करणार असं तुम्हाला वाटतं. मला उत्तर देता आलं नाही, मी तसा विचारच केला नव्हता कधी. मग म्हणाल्या, शाळा बंद करू नका, चौथीत नापास झाला तर मी तुम्हाला ओरडणार.

बायकोचा रक्तगट ओ निघाला, माझा बी, पोराचा बी. म्हणजे दोघांचा चालतो. मी म्हणालो पहिल्यांदा माझ्या तपासण्या करा. सिस्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या डोक्यातच आलं नसतं, खोटं कशाला बोलू.

आईला दहा हजारात तीनचा आकडा सांगितला. ती बराच वेळ गप्प बसली, मग विचारलं, म्हातारीची चालत नाही का. तिला शुगर आहे, चालणार नाही. पण पुढच्या तारखेला येते म्हणाली. १९ तारखेला युरोडायनॅमिक आहे, हुतात्माची पाच तिकिटं काढलीत, धाकटी पण बरोबर. दोन रात्री राहावं लागेल. पुणे स्टेशनपासनं जवळ, स्वच्छ पाणी असेल अशी स्वस्त खोली कुणाला माहीत असेल तर तेवढं सांगा, पोराला चार वेळा नळी घालायला शिकवणार आहेत, हात धुवायला नळाला पाणी पाहिजे.